माझ्या घरातली हालचाल आधी मला कळू द्या

प्रति,
एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी मोशन सेन्सर बसवून देखरेखीची सेवा देणाऱ्या कंपन्यांचे संचालक,
आणि त्यांच्या अ‍ॅपचे नियम ठरवणारी सर्व मंडळी

विषय : ज्यांच्यावर देखरेख आहे त्यांना न विचारता सेवेत केलेले बदल

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका कंपनीचे सेन्सर माझ्या घरात आहेत. अलीकडे त्या कंपनीनं सेवेत मोठा बदल केला आणि तो मला कळवला नाही. कळवला माझ्या मुलाला, कारण अकाउंट त्याच्या नावावर आहे आणि पैसे तो भरतो. मी एकटी राहते. डोकं शाबूत आहे, बँकेचे व्यवहार आणि औषधांच्या वेळा मीच सांभाळते. घर माझं आहे आणि त्यात हिंडणारी-फिरणारी व्यक्तीही मीच आहे. तरी माझ्या हालचालींच्या नोंदींचं काय करायचं हे ठरवताना मला विचारावं असं कुणाला वाटलं नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ज्या इतर कंपन्यांच्या अटी मला वाचायला मिळाल्या, त्यांतही 'ग्राहक' म्हणजे पैसे भरणारा, आणि ज्याच्या घरात सेन्सरची डबी चिकटवली तो नुसता 'वापरकर्ता'. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

आधी काय बदललं ते सांगते.

सेवा घेतली तेव्हा ठरलेली गोष्ट साधी होती. दिवसा ठरावीक वेळ घरात काहीच हालचाल दिसली नाही तर पहिला फोन मला येणार. मी उचलला नाही तर मुलाला, आणि त्यालाही काही करता आलं नाही तर शेजारच्या बाईंना, ज्यांच्याकडे माझ्या घराची किल्ली असते. हे मी स्वतः ऐकून, समजून मान्य केलं होतं. आता रोज सकाळी मुलाच्या मोबाइलवर अहवाल जातो. मी किती वाजता उठले, रात्री किती वेळा बाथरूमला गेले, तिथे किती मिनिटं होते, बाहेरचं दार कितीदा उघडलं, आणि या सगळ्याची गोळाबेरीज म्हणून शंभरापैकी एक 'सक्रियता गुण'. सोबत 'वर्तनातील बदल' नावाचे इशारे. अटींमध्येही एक ओळ वाढली आहे : ही माहिती 'सेवा सुधारण्यासाठी निवडक भागीदारांना' दिली जाऊ शकते. मुलाच्या स्क्रीनवर एक चौकट आली आणि त्यानं 'मान्य' दाबलं. काळजीपोटी दाबलं, त्याच्यावर माझा राग नाही. ती चौकट त्याच्यापुढे का आली, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे.

मला हे कळलं ते त्याच्या फोनवरून. "आई, रात्री बऱ्याचदा उठलीस. लघवीचा त्रास होतोय का? डॉक्टरांशी बोलू का मी?" अगदी मायेनं विचारलं त्यानं. पण त्यानंतर रात्री जाग आली की मी पलंगाच्या कडेवर बसून राहू लागले. जावं की थांबावं. पांघरूण बाजूला सारताना कोपऱ्यातला लाल ठिपका लुकलुकला की पाऊल अडायचं. संध्याकाळनंतर पाणी पिणंही आपोआप कमी झालं. आईच्या देहधर्माची मोजदाद सकाळी मुलाच्या हातात पडते, हे माझ्या पिढीतल्या बाईला किती ओशाळवाणं होतं, ते तुमच्या बैठकीत कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही. आणि प्रश्न नुसत्या लाजेचा नाही. लघवी रोखून धरायची, मग घाईघाईनं उठायचं आणि अंधारात चाचपडत जायचं, हे म्हातारपणी पडायला आमंत्रण आहे. पाणी कमी पिण्यानं चक्कर येते ती वेगळीच. पडले तर वेळेवर कळावं म्हणून बसवलेल्या वस्तूनं मला पडण्याच्या जवळ नेलं.

मी सेन्सरच्या विरोधात नाही. हे ठळकपणे लिहिते, नाहीतर 'म्हाताऱ्या माणसांना नवं तंत्रज्ञान नको असतं' म्हणून हे पत्र बाजूला ठेवलं जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचं असतं. पडण्याइतकंच पडून राहणंही घातक. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, पडल्यावर तासाभराहून अधिक वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मी माणसं सहा महिन्यांच्या आत गेली होती. केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या लोकांचा अभ्यास २००८ साली आला. त्यात वर्षभरात पडलेल्या माणसांपैकी ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर राहिले होते. मदतीची घंटा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे होती, पण असं दीर्घकाळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती वाजवलीच नाही. कुणाच्या गळ्यात ती त्या वेळी नव्हती, कुणाला भान नव्हतं, कुणाला कुणाची झोपमोड करायची नव्हती. मला यातलं शेवटचं कारण फार ओळखीचं वाटतं. म्हणूनच न दाबता काम करणारी वस्तू मला हवी होती. आजही हवी आहे. तुम्ही त्या एका कामाच्या नावाखाली दुसरी दहा कामं घरात आणलीत, हे माझं म्हणणं आहे.

आता त्या गुणांविषयी. ही तक्रार थोडी सविस्तर लिहिते, कारण मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे आणि या बाबतीत मला गप्प बसवत नाही.

माझ्या घरातली डबी तळहाताएवढी, पांढरी, प्लॅस्टिकची. पुढे दुधी रंगाचं फ्रेनेल भिंग, म्हणजे खाचांचं पातळ भिंग. आत उष्णतेच्या बदलाला दाद देणाऱ्या पदार्थाचे दोन तुकडे, एकमेकांना उलटे जोडलेले. माणसाच्या अंगातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात आणि त्यांचा जोर साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीपाशी सर्वांत जास्त असतो. भिंगामुळे खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी एका तुकड्यावर आणि मग दुसऱ्यावर किरण पडतात, आणि त्या फरकातून विजेचा बारीकसा ठोका उमटतो. तेवढंच. कोण गेलं, का गेलं, त्याला बरं वाटतंय का, यातलं काहीही त्या ठोक्यात नसतं.

आता यावरून तुम्ही काढलेले गुण पाहा. एक दिवस मला चांगलाच ताप होता, जवळजवळ दिवसभर मी पलंगावर पडून होते. मदतीला येणाऱ्या बाईंनी केर काढला, फरशी पुसली, कपडे वाळत घातले, मला औषध द्यायला दोन-तीनदा खोलीत आल्या. दुसऱ्या दिवशी मुलाला निरोप गेला : 'उत्तम! कालचा दिवस सक्रिय होता.' तो निर्धास्त झाला. पुढे कधीतरी मी दुपारभर टेबलाशी बसून जुन्या वह्या चाळत होते, मन रमलं होतं, उठलेच नाही. त्या दिवशी 'हालचालीत लक्षणीय घट' असा इशारा गेला आणि त्या बिचाऱ्यानं काम टाकून मला फोन केला. खुर्चीत वाचत बसलेली मी आणि बेशुद्ध पडलेली मी, या सेन्सरच्या लेखी एकच. उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३४-३५ अंशांवर गेलं की त्वचा आणि भिंत यांतला फरकच उरत नाही, मग सेन्सर आणखी मंदावतो. उन्हाची तिरीप सरकली, हीटर लागला, मांजर गेलं, तर नसलेली हालचाल नोंदली जाऊ शकते. सेन्सरच्या समोरून आडवं गेलं तर तो चटकन दाद देतो, सरळ त्याच्या दिशेनं चालत आलं तर कमी. बॅटरी वाचवण्यासाठी कित्येक सेन्सर एकदा ठोका दिल्यावर थोडा वेळ झोपतात, तेवढ्या वेळातलं काही नोंदलंच जात नाही. हे सगळं तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग अहवालात ते का लिहिलेलं नसतं? शंभरापैकी अमुक गुण असा आकडा दिला की वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी तपासून दिलेत. परीक्षेचे गुण मी खूप दिले आहेत. कुणाची उत्तरपत्रिका आहे हेच माहीत नसताना गुण द्यायचे नसतात.

याच जातीच्या सेन्सरनी काळजीपूर्वक काम केलं तर काय कळू शकतं, तेही मला ठाऊक आहे, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. अमेरिकेत ओरेगनमधल्या संशोधकांनी सत्तरीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या ९३ लोकांच्या घरी छताला ओळीनं सेन्सर लावले आणि जाता-येता त्यांचा चालण्याचा वेग कित्येक महिने मोजला. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालण्याच्या वेगात आणि त्याच्या चढउतारांत काळानुरूप होणारे बदल स्मृती-विचारशक्तीच्या सौम्य ऱ्हासाशी जोडलेले दिसले. त्याच्या आदल्याच वर्षी ३४,००० हून अधिक ज्येष्ठांच्या माहितीवरून दिसलं होतं की चालण्याचा वेग आणि पुढे किती आयुष्य उरलं आहे यांचा संबंध आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं हे मोलाचं काम आहे. पण ते लोक संशोधनात स्वतः सही करून सामील झाले होते. माझ्या पायांच्या चालीवरून माझी स्मृती ढळू लागल्याचा अंदाज कुणी बांधणार असेल, तर ती बातमी आधी माझी आहे. माझ्या डॉक्टरांनी समोर बसून, मला विचारून सांगायची ती बातमी आहे. ती सकाळच्या अहवालात 'वर्तनातील बदल' म्हणून माझ्या मुलाला, आणि 'निवडक भागीदार' म्हणून उद्या एखाद्या विमा कंपनीला माझ्याआधी कळणार असेल, तर ते मला मान्य नाही. भागीदार कोण, हे मी लेखी विचारलं. उत्तरात गोपनीयता धोरणाची लिंक आली, आणि त्या धोरणात एकाही भागीदाराचं नाव नव्हतं.

'आम्ही कॅमेरा लावत नाही, त्यामुळे खासगीपणा पूर्ण सुरक्षित आहे,' असं तुमच्या माहितीपत्रकांत पहिल्या पानावर असतं. कॅमेरा नाही हे खरं आणि चांगलंही. पण कोणत्या खोलीत, किती वाजता, किती वेळ, ही साखळी महिनोन्‌महिने साठली की माणसाच्या आयुष्यातलं काय लपून राहतं? झोप मोडते का, पोट बिघडलंय का, कुणी मुक्कामाला आलंय का, कधी घर रिकामं असतं, सगळं त्यातून दिसतं. आणि आता तर रडारचे सेन्सर आले आहेत. ६० गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडून ते छातीची बारीक वर-खाली हालचालही टिपतात, म्हणजे निवांत बसलेल्या माणसाचा श्वाससुद्धा मोजला जातो. पडल्याचं ओळखण्यात ते साध्या सेन्सरपेक्षा उजवे आहेत, आणि बाथरूममध्ये कॅमेरा शक्य नसल्यानं तेच तिथे लावले जाणार. माझी त्याला सरसकट हरकत नाही. बाथरूममध्येही माणसं पडतात. पण तिथे लावलेल्या वस्तूनं 'पडली' किंवा 'पडली नाही' एवढंच बाहेर सांगावं. बाकीची माहिती त्या डबीतच विरून जायला काय हरकत आहे? तांत्रिक अडचण नाही, हे तुम्हीही नाकारणार नाही.

बंद करण्याची सोय नाही, ही आणखी एक तक्रार. डबीवर बटण नाही. माझी बहीण चार दिवस राहायला आली, तेव्हा आमच्या दोघींच्या रात्रीच्या गप्पा, उठणं-बसणं सगळं माझ्या नावावर जमा झालं. एकदा डबी काढून कपाटात ठेवली तर 'उपकरणाशी छेडछाड' असा अलर्ट मुलाला गेला आणि तो घाबरला. स्वतःच्या भिंतीवरची वस्तू मी उतरवली, त्याला छेडछाड म्हणायचं का?

मुलाबरोबरचं बोलणंही बदललंय, त्याबद्दल थोडं लिहायला हवं. पूर्वी तो फोन करून विचारायचा, काय केलंस आज. मी सांगायचे ते सांगायचे. गुडघा दुखत असला तर कधी सांगायचे, कधी नाही, कारण त्याच्या कामाचे दिवस कोणते आणि त्याला काळजी पेलेल तो दिवस कोणता, हे मला त्याच्या आवाजावरून कळतं. मुलाला काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं हे ठरवणं आईपणाचाच भाग आहे. आता त्याला आधीच सगळं माहीत असतं, आणि जे माहीत असतं ते निम्मं चुकीचं असतं. तो विचारण्याऐवजी तपासतो आणि मी सांगण्याऐवजी खुलासे देते. तो वाईट मुलगा नाही. तुम्ही त्याच्या हातात जे दिलंत त्यानं त्याला ही सवय लावली.

वीज आणि नेटवर्क यांविषयी दोनच गोष्टी. ब्रिटनमध्ये जुन्या तांब्याच्या फोनलाइन काढून डिजिटल लाइन देताना ज्येष्ठांची मदत-यंत्रं बंद पडल्याचे गंभीर प्रकार घडले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला फोन कंपन्यांकडून अशा ग्राहकांची सक्तीची बदली थांबवण्याची हमी घ्यावी लागली. अमेरिकेत एटी अँड टी या फोन कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं तेव्हा त्यावर चालणारी मदत-बटणं बदलण्याची वेळ आली. यंत्र ज्या जोडणीवर चालतं ती कधी बंद होणार, हे म्हाताऱ्या माणसानं ओळखायचं नसतं. माझ्या घरात बॅटरी संपल्यामुळे एक सेन्सर गप्प झाला, ते मला डबीवरचा लाल दिवा लागत नाही म्हणून कळलं. अ‍ॅपमध्ये त्या खोलीपुढे 'हालचाल नाही' एवढंच होतं. 'हालचाल नाही' आणि 'यंत्र बंद आहे' यांतला फरक ज्या सेवेला दाखवता येत नाही, तिच्यावर जीव कसा सोपवायचा?

'रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटतं' असा दावाही काही जण करतात. इंग्लंडमध्ये घरगुती सेन्सर आणि अलार्म यांच्या सेवेची सुमारे २,६०० लोकांवर वर्षभर रीतसर चाचणी झाली. २०१३ साली निष्कर्ष आले, त्यांत रुग्णालयातल्या भरतीत किंवा इतर सेवांच्या वापरात लक्षणीय फरक दिसला नाही. त्यानंतर तंत्र सुधारलं असेल. मग नवे पुरावे दाखवा, आणि तोवर ते वाक्य छापू नका. घाबरलेल्या मुलामुलींना ते वाक्य फार लवकर पटतं.

थोडक्यात काम भागतं याचं एक उदाहरण मला आवडतं. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीनं २००१ साली एक विजेची किटली आणली. एकट्या राहणाऱ्या माणसानं ती वापरली की दूरच्या नातलगाला त्याचा निरोप जातो. आज किटली वापरली, म्हणजे माणूस उठलाय, हिंडतोय. त्या किटलीला बाथरूम माहीत नाही, झोप माहीत नाही, ती गुण देत नाही. कुणी पडलं तर तिला लगेच कळणारही नाही, ही तिची मर्यादा. पण काळजी करणाऱ्याला रोज जे खरोखर हवं असतं ते ती देते, आणि जिची काळजी आहे तिला काहीच लपवावंसं वाटत नाही. तुमच्या अभियंत्यांनी काम सुरू करताना 'किती कमी माहितीत भागेल' असा प्रश्न स्वतःला विचारला होता का? माझ्या घरातल्या वस्तूकडे पाहून तरी तसं दिसत नाही.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्याच्या २२ व्या कलमात म्हटलंय की माणूस कुठेही, कोणत्याही व्यवस्थेत राहत असला तरी त्याच्या खासगीपणात, घरात मनमानी हस्तक्षेप होऊ नये. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांत आरोग्याविषयीची माहिती विशेष संरक्षणाखाली येते, आणि ती माहिती ज्याची आहे त्याला ती मागून पाहण्याचा हक्क आहे. पैसे भरणाऱ्याचा नव्हे, जिची माहिती आहे तिचा. जिथे असा कायदा नाही तिथेही तुम्ही तसं वागू शकता, त्याला कुणाची बंदी नाही.

ज्यांची स्मृती खरोखर ढळली आहे त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. हा प्रश्न अवघड आहे आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. रात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या घरच्यांना दारावरचा सेन्सर आधार देतो, हे मी जवळून पाहिलं आहे. अशा घरी निर्णय दुसऱ्या कुणाला घ्यावा लागतो. पण तो विकणाऱ्यानं घेऊ नये, आणि एका चौकटीवर बोट दाबून कायमचा घेतला जाऊ नये. माणूस अजून सांगू शकतो तेव्हाच त्याला विचारून ठेवावं. नंतरही, त्याला समजेल त्या शब्दांत, पुन्हा पुन्हा विचारावं. स्मृती गेली तरी लाज आणि भीती बराच काळ शिल्लक असते. आणि निम्म्याहून अधिक ज्येष्ठ या अवस्थेत असल्यासारखे नियम आम्हा सगळ्यांना लावू नयेत.

माझ्या मागण्या अशा :

१. संमती ज्याच्यावर देखरेख आहे त्याच्याकडूनच घ्या. अकाउंट कुणाच्याही नावावर असो. सेवेत बदल करायचा असेल तर आधी त्याला कागदावर, मोठ्या अक्षरांत, त्याच्या भाषेत कळवा आणि फोन करून समजावून सांगा. त्यानं होकार दिला नाही तर जुनी सेवा जशीच्या तशी चालू ठेवा.

२. जो अहवाल बाहेर जातो तो आधी मला दिसला पाहिजे, आणि त्यातलं काय कुणाला जावं हे मला ठरवता आलं पाहिजे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला आठवड्याला छापील प्रत द्या.

३. बाथरूम आणि झोपण्याची खोली यांच्या नोंदी मुळात बाहेर पाठवू नका. धोका आहे की नाही, एवढंच कळवा.

४. प्रत्येक डबीवर थांबवण्याचं बटण द्या. थांबवल्यावर घरच्यांना 'तिनं स्वतः थोडा वेळ बंद ठेवलं आहे' असा साधा निरोप जावा, 'छेडछाड' असा नव्हे.

५. 'सक्रियता गुण' बंद करा. ते शक्य नसेल तर सेन्सरला काय कळत नाही, त्या दिवशी घरात इतर कुणी होतं का, हे प्रत्येक अहवालात लिहा.

६. भागीदारांची नावं जाहीर करा. विमा, जाहिरात आणि कर्ज देणाऱ्या संस्थांना ही माहिती कोणत्याही स्वरूपात देणार नाही, असं करारात लिहा. सेवा बंद केल्यावर जुन्या नोंदी पुसल्याचं लेखी कळवा. कंपनी विकली गेली तर आमच्या नोंदी तिच्याबरोबर विकल्या जाऊ नयेत.

७. सेन्सर, हब (सेन्सरच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवणारं यंत्र) किंवा जोडणी बंद पडली तर ती बंद आहे असं स्पष्ट दिसू द्या, आणि पहिला फोन आमच्या घरी करा. वीज गेल्यावर हब किती तास चालतो ते खोक्यावर छापा.

८. ज्येष्ठांसाठी सेवा आखता त्या बैठकीत ज्येष्ठ बसवा. एखादा दिवस छायाचित्रासाठी बोलावलेला नव्हे, नियम ठरवताना 'हे नको' म्हणण्याचा अधिकार असलेला.

माझ्या घरातली सेवा मी बंद केलेली नाही. पहिल्या दिवशी ठरलं होतं तेवढंच काम सेन्सरनी करावं, असं मी कंपनीला कळवलं आहे आणि मुलालाही सांगितलं आहे. त्यानं ते ऐकलं. रोजचा अहवाल त्याच्याकडून बंद करता येत नाही, असं त्याला मदतकेंद्रातून सांगण्यात आलं. तो बंद करण्याची सोय महिनाभरात द्या. या पत्राचं उत्तर लेखी द्या, आणि सही ज्या व्यक्तीनं हा बदल मंजूर केला तिची असू द्या.

आपली,
सेन्सर बसवलेल्या घरात राहणारी एक निवृत्त शिक्षिका